सापाचा घास केवढा असावा?

दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा कच्चं आहे, तेवढं सांभाळून घ्या. विषय थोडा विचित्र आहे. मेसमध्ये जेवायला बसताना वाचू नका, एवढीच विनंती!

माझ्या पुण्याच्या आतेभावाकडे, म्हणजे दादाकडे, एक बॉल पायथन होता. हा आपल्याकडचा अजगर नव्हे. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या गवताळ भागातला हा छोटा, बिनविषारी अजगर. घाबरला की डोकं मध्ये लपवून अंगाचा चेंडू करतो, म्हणून हे नाव. गेल्या डिसेंबरमध्ये दादाने मला फोनवर विचारलं, "तू इंजिनिअर होणार ना? मग सांग, याला केवढा उंदीर द्यायचा?" मी नेटवर दोन मिनिटं बघितलं आणि रुबाबात सांगितलं, "सापाच्या जाडीच्या दीडपट चालेल." तो साप आज नाही. म्हणून हा लेख.

आधी साप गिळतो कसा ते बघू. साप चावून तुकडे करत नाही, भक्ष्य अख्खंच गिळतो. त्यामुळे घासाचं माप त्याला आधीच ठरवावं लागतं. "साप जबडा निखळवतो" असं आपण ऐकतो, ते चूक आहे. आपल्या खालच्या जबड्याचे दोन भाग हनुवटीपाशी पक्के जुळलेले असतात. सापाचे मात्र लवचिक तंतूंनी बांधलेले असतात, म्हणून ते एकमेकांपासून लांब जाऊ शकतात. शिवाय कवटी आणि खालचा जबडा यांच्यामध्ये एक हलणारं हाड असतं. थिअरी ऑफ मशिन्समध्ये आपण लिंकेज शिकतो, तसंच हे! डावी बाजू पुढे सरकते, मग उजवी, आणि साप जणू भक्ष्यावरून चालत जातो. तोंड भरलेलं असताना श्वास घेता यावा म्हणून श्वासनलिकेचं तोंडही तो पुढे काढतो.

म्हणजे गिळणं हा सापाचा प्रॉब्लेम नाहीच. प्रॉब्लेम आहे पचवणं, आणि माझी चूक इथेच झाली.

दादाचा साप होता ६०० ग्रॅमचा. त्याच्या अंगाच्या सर्वात जाड भागाएवढा जाड उंदीर साधारण ६० ग्रॅमचा भरत होता. मी म्हटलं दीडपट. ऐकायला किरकोळ वाटतं. पण उंदीर दीडपट जाड झाला की तो लांबीला आणि उंचीलाही दीडपट होतो. वजन वाढतं घनाच्या हिशोबाने: १.५ × १.५ × १.५ = ३.३७५. म्हणजे ६० ग्रॅमचा उंदीर झाला सुमारे २०० ग्रॅमचा! सापाच्या वजनाच्या एक तृतीयांश. साठ किलोच्या माणसाने एका बैठकीत वीस किलो जेवण्यासारखं. एम-थ्रीमध्ये चांगले मार्क मिळवणाऱ्या मला हा शाळेतला घन आठवला नाही.

सापाने तो उंदीर गिळला. दादाने कौतुकाने फोटोही पाठवला. पण त्या आठवड्यात थंडी कडक होती आणि रात्री लाईट गेल्याने सापाच्या पेटीतली ऊब बंद पडली. साप स्वतःच्या अंगात आपल्यासारखी उष्णता तयार करत नाही. पचनासाठी त्याला बाहेरची ऊब लागते. बॉल पायथनला पेटीच्या एका बाजूला ३१ ते ३३ अंश सेल्सियस हवं. ऊब नसेल तर पाचकरस मंदावतात आणि पोटातला उंदीर पचण्याऐवजी सडू लागतो. तिसऱ्या दिवशी सापाने उंदीर ओकला. "उपाशी राहील बिचारा" म्हणून दादाने दोन दिवसांत दुसरा दिला. तोही ओकला. ओकताना पोटातलं आम्ल आणि पाणी बाहेर जातं, अन्ननलिका सोलवटते. महिनाभरात साप गेला. दादा मला काही बोलला नाही, पण त्याने विचारलेला प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

मग मी नीट अभ्यास केला. बॉल पायथन पाळणारे अनुभवी लोक जे माप धरतात ते असं:

१) जाडी: भक्ष्य सापाच्या सर्वात जाड भागाएवढं, फार तर किंचित जास्त.

२) वजन: वाढत्या सापाला त्याच्या वजनाच्या १० ते १५ टक्के. नुकतं जन्मलेलं ६० ग्रॅमचं पिल्लू असेल तर ६ ते ९ ग्रॅम, म्हणजे अंगावर लव आलेलं उंदराचं पिल्लू. मोठ्या सापाला ५ ते ७ टक्केच. १५०० ग्रॅमच्या सापाला ७५ ते १०५ ग्रॅम झाले. गंमत बघा, साप ६०० वरून १५०० वर गेला तरी उंदीर फारसा मोठा होत नाही!

३) अंतर: पिल्लाला आठवड्याने, मोठ्याला दोन ते चार आठवड्यांनी. हे साप कधीकधी काही महिने स्वतःहून खात नाहीत. वजन टिकून असेल तर घाबरू नये.

४) खाल्ल्यावर निदान ४८ तास हात लावू नये.

५) ओकला तर किमान दोन आठवडे थांबावं, आणि मग नेहमीच्या निम्म्या मापाचं द्यावं.

६) जिवंत उंदीर टाकू नये. तो सापालाच चावतो. आधी मारून गोठवलेला, मग पूर्ण वितळवून कोमट केलेला द्यावा.

पचवणं म्हणजे केवढं काम असतं त्याचं एक उदाहरण. आपल्या भारतीय अजगराचा जवळचा नातेवाईक म्हणजे बर्मी अजगर. मोठं जेवण झाल्यावर दोन दिवसांत त्याच्या हृदयाचं वजन सुमारे ४० टक्क्यांनी वाढतं, असं २००५ साली शास्त्रज्ञांनी दाखवलं. आपल्या भाषेत सांगायचं तर पूर्ण प्लांट फुल लोडवर चालतो!

आता तुम्ही म्हणाल, आमचा काय संबंध? आम्ही कुठे साप पाळतो? संबंध आहे. आपला दौंड-शिरूरचा भाग उसाचा. ऊस आणि गुऱ्हाळं आली की उंदीर आले, घुशी आल्या, आणि त्यांच्यामागे धामण, नाग, घोणस. गेल्या जुलैमध्ये आपल्या मेसच्या मागे धामण निघाली होती, आठवतं? पोट फुगलेलं होतं, पळता येत नव्हतं. आपण तीस-चाळीस जणी मोबाईल घेऊन भोवती जमलो, कोणीतरी काठीने डिवचलं, आणि तिने अर्धवट पचलेला उंदीर ओकून धूम ठोकली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही. शिरूरला गेल्यावर मामाला हे रंगवून सांगितलं, तर तो म्हणाला, "पोरी, तिचं आठवड्याचं जेवण काढून घेतलंत की! घाबरला की साप पोट हलकं करतो, पळायला." माझा मामा घोड नदीकाठी ऊस करतो, धामणीला तो शेताची राखणदार म्हणतो.

तेव्हा दोन गोष्टी लक्षात ठेवू. एक, आपल्याकडचा कुठलाही साप पकडून पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या परदेशी सापाचीसुद्धा २०२४ च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. दोन, हॉस्टेलमध्ये साप दिसला तर लांब उभं राहायचं, वॉचमन काकांना सांगायचं आणि वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करायचा. आणि मेसमागचं खरकटं रोज उचललं तर उंदीरच कमी येतील, मग साप कशाला येईल?

दादाने पेटी अजून ठेवली आहे. पुन्हा साप आणलाच, तर उंदीर काट्यावर तोलून द्यायचा, असं आमचं ठरलंय. आणि मी? कोणी फोनवर हिशोब विचारला की आता म्हणते, "थांब, करून बघते, मग सांगते."