करार पाच वर्षांचा, पण संपणार कधी?

प्रश्न : माझा भाचा कल्याणला बॉक्सिंग शिकतो आणि आता व्यावसायिक व्हायचं म्हणतो. एका प्रमोटरबरोबर पाच वर्षांच्या कराराची बोलणी चालू आहेत. ठोसे मारणार हा, खाणारही हाच. मग कारकीर्द प्रमोटरच्या हातात कशी काय जाते? आणि नाही पटलं तर मध्येच सोडता येतं का?
— एक वाचक, डोंबिवली (पूर्व)

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेऊ, कारण त्याचं उत्तर ज्या प्रकरणातून निघालं ते तुमच्या हाकेच्या अंतरावर घडलं आहे. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनने 1963 मध्ये टायर कॉर्ड विभागात एक शिफ्ट सुपरवायझर पाच वर्षांच्या करारावर नेमला. वर्ष-दीड वर्षात तो जास्त पगारावर कोट्याच्या राजस्थान रेयॉनमध्ये गेला. कंपनीने दावा लावला. 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला : करार चालू असताना तशाच धंद्यात दुसरीकडे काम करायचं नाही, ही अट अवाजवी जाचक किंवा एकतर्फी नसेल तर बंधनकारक आहे. त्या गृहस्थांवर मार्च 1968 पर्यंत, म्हणजे कराराची पाच वर्षं भरेपर्यंत मनाई राहिली. करारातून मध्येच निसटू पाहणाऱ्या कुणाच्याही समोर वकील आजही हाच निकाल ठेवतात.

करार संपल्यावर मात्र चित्र पालटतं. श्रीरामपूरच्या झहीर खानने 2000 मध्ये परसेप्ट डी'मार्कशी जाहिराती मिळवून देण्याचा तीन वर्षांचा करार केला होता. मुदत संपल्यावरही नवीन कुणाची ऑफर आली तर ती आधी आम्हाला दाखवायची, आम्ही तेवढेच पैसे देऊ केले तर आमच्याकडेच राहायचं, असं त्यात एक कलम होतं. झहीर दुसऱ्या कंपनीकडे गेला, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून दिल्लीला पोहोचलं. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की मुदतीनंतरची अशी अडवणूक 1872 च्या करार कायद्याच्या कलम 27 पुढे प्रथमदर्शनी टिकत नाही. थोडक्यात, कोर्ट भाच्याला रिंगमध्ये उतरायला भाग पाडणार नाही; पण मुदत चालू असताना दुसऱ्याच्या रिंगमध्ये उतरू नको, असं सांगू शकतं.

म्हणून सगळा खेळ ‘मुदत’ कशी मोजायची यावर येतो, आणि बॉक्सिंगचे करार तिथेच चलाख असतात. खेळाडू जखमी असेल, व्हिसा नाकारला गेला असेल किंवा त्याने निवृत्ती जाहीर केली असेल, तर ते दिवस मोजायचे नाहीत. किताब जिंकला तर मुदत आपोआप वाढेल. वर्षाला तीन लढती ‘देऊ केल्या’ की प्रमोटरची जबाबदारी संपली. भाच्याने एक नाकारली तरी ती दिली असंच धरायचं. पाचाची सात वर्षं अशीच होतात.

आता पहिला प्रश्न. ठोसा बॉक्सरचा असतो, पण समोर कोण, कुठे आणि केव्हा हे प्रमोटर ठरवतो. सुरुवातीला हलके प्रतिस्पर्धी देऊन रेकॉर्ड स्वच्छ ठेवायचं, ही जगभरची रीत. विजेंदर सिंगचंच बघा. बीजिंगचा ब्राँझविजेता जून 2015 मध्ये फ्रँक वॉरन यांच्या क्वीन्सबेरी प्रमोशन्सशी करारबद्ध झाला. ऑक्टोबरात मँचेस्टरला पदार्पण, जुलै 2016 मध्ये दिल्लीत केरी होपला हरवून आशिया-पॅसिफिक किताब, ऑगस्ट 2017 मध्ये आपल्या वरळीच्या एनएससीआयमध्ये चीनच्या झुल्पिकार मैमैतिअलीवर विजय. डिसेंबर 2017 च्या जयपूरच्या लढतीनंतर मात्र तो रिंगमध्ये दिसला थेट जुलै 2019 मध्ये, अमेरिकेत नेवार्कला. मधल्या काळात प्रमोटर बदलून तो बॉब एरम यांच्या टॉप रँककडे गेला, दुखापत झाली, लोकसभेची निवडणूकही झाली. पहिला पराभव मार्च 2021 मध्ये, पणजीत कॅसिनो जहाजाच्या गच्चीवर, रशियाच्या आर्तिश लोप्सानकडून. तेव्हा तो पस्तिशीत होता. त्याआधीचे बाराही सामने जिंकलेले, पण जागतिक किताबाची लढत त्यात एकही नाही. सगळा दोष कराराचा नव्हे. पण तिशीनंतर रिकामं गेलेलं दीड वर्ष बॉक्सरला परत मिळत नाही, आणि त्याची नोंद रेकॉर्डमध्ये होत नाही.

मोठ्यांचंही हेच. फ्लॉइड मेवेदरने 2006 मध्ये साडेसात लाख डॉलर भरून टॉप रँकच्या करारातून स्वतःला सोडवलं. त्यावेळी अनेकांनी त्याला वेड्यात काढलं. पुढची कमाई पाहता ते पैसे फारच स्वस्तात गेले. पण त्याचा तोडीचा प्रतिस्पर्धी मॅनी पॅकियाओ त्याच टॉप रँककडे. उत्तेजक चाचण्यांचा वाद होताच, त्यात हे जुनं वैर. 2009 पासून चर्चेत असलेली लढत 2015 च्या मेमध्ये झाली, तेव्हा एक 38 वर्षांचा आणि दुसरा 36 वर्षांचा होता. दोघांत श्रेष्ठ कोण, हा वाद त्या लढतीने मिटला नाही, कारण ती उशिरा झाली.

पैशांचा किस्सा टिम विदरस्पूनचा. 1986 मध्ये लंडनला फ्रँक ब्रुनोविरुद्ध जागतिक किताब राखल्यावर ठरलेल्या पाच लाख डॉलरपैकी त्याच्या हाती पडले सुमारे नव्वद हजार. प्रमोटर डॉन किंग, आणि विदरस्पूनचा मॅनेजर कोण, तर किंगचाच सावत्र मुलगा! अशाच प्रकारांमुळे अमेरिकेने 2000 मध्ये मुहम्मद अलींच्या नावाने कायदा केला. प्रमोटरने मॅनेजरच्या धंद्यात हितसंबंध ठेवायचा नाही, लढतीतून आपल्याला काय मिळतं ते बॉक्सरला सांगायचं. भारतात व्यावसायिक बॉक्सिंगसाठी असा वेगळा कायदा नाही. जे संरक्षण हवं ते करारातच लिहून घ्यावं लागतं.

तेव्हा भाच्याच्या मसुद्यात तीन गोष्टी मागा : काहीही झालं तरी मुदत संपण्याची पक्की तारीख, ‘देऊ केलेल्या’ नव्हे, तर प्रत्यक्ष झालेल्या लढतींची किमान संख्या, आणि ती भरली नाही तर करार रद्द करण्याचा हक्क, आणि मॅनेजर प्रमोटरच्या नात्यागोत्यातला किंवा पगारावरचा नाही, याचं लेखी आश्वासन. तिकिटं विकायची जबाबदारी बॉक्सरवर टाकली आहे का, तेही पाहा. ब्रिटनमधल्या छोट्या हॉलमध्ये नवखे बॉक्सर स्वतःच तिकिटं विकत फिरतात. ठाण्याच्या कोर्टात करारांची कामं करणारे वकील भरपूर आहेत, त्यांची फी या व्यवहारातला सर्वांत स्वस्त खर्च ठरेल.

आणि एक. रेल्वे किंवा पोलिसांच्या खेळाडू कोट्यात मान्यताप्राप्त हौशी स्पर्धांची प्रमाणपत्रं लागतात, व्यावसायिक विजय तिथे कामी येत नाहीत. राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धा त्याला अजून खेळता येणार असतील, तर सही पुढे ढकला. प्रमोटरला घाई असेल तर ती कशाची, हे त्यालाच विचारा.