दमा, वावडे आणि अमिनो आम्ले

घरात दम्याचा रुग्ण असला की आहाराविषयी दोन टोकांचे सल्ले हमखास ऐकावयास मिळतात. पहिला सल्ला असा की डाळ, अंडी, मासे, दही सारे बंद करा. दुसरा असा की अमिनो आम्लांची पावडर आणा, ताकद येईल. पहिल्याने वाढत्या वयाचे मूल अशक्त होते, तर दुसऱ्याने खिसा रिकामा होतो. दोन्ही सल्ले का चुकीचे आहेत हे समजण्यासाठी अमिनो आम्लांचा शरीरातील प्रवास पाहू.

१. अमिनो आम्ले म्हणजे काय?

खाल्लेल्या प्रथिनांचे पचन होऊन अमिनो आम्ले सुटी होतात. आपल्या शरीरातील प्रथिने मुख्यतः २० अमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यांपैकी ९ आम्ले अन्नातूनच मिळवावी लागतात. त्यांच्यापासून स्नायू व रक्त घडते, तशीच अनेक क्रियाशील रसायनेही तयार होतात. या घडामोडींना चयापचय म्हणतात. कोणत्या आम्लाचे कशात रूपांतर व्हावे हे विकरे ठरवितात. (विकर म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन.)

२. हिस्टिडिनपासून हिस्टामिन

हिस्टिडिन या आम्लापासून एका विकराच्या साहाय्याने हिस्टामिन तयार होते व ते मास्ट पेशींमध्ये साठून राहते. त्याचे शरीरावरील परिणाम हेन्री डेल व पॅट्रिक लेडलॉ यांनी १९१० साली वर्णन केले.

वावडे असणाऱ्या व्यक्तीच्या शरीरात धुळीतील सूक्ष्म किडे, परागकण, झुरळे यांच्याविरुद्ध ‘आयजीई’ नावाची प्रतिपिंडे तयार होतात आणि मास्ट पेशींवर जाऊन बसतात. तीच धूळ पुन्हा श्वासात गेली की या पेशी काही मिनिटांत हिस्टामिन व इतर रसायने बाहेर टाकतात. त्यामुळे श्वासनलिका आकुंचन पावतात, सुजतात, चिकट कफ सुटतो आणि धाप लागते.

हिस्टिडिन तर सर्वांच्याच जेवणात असते. मग दमा सर्वांना का होत नाही? कारण दोष हिस्टिडिनचा नाही. पेशींनी निरुपद्रवी धुळीला शत्रू मानले, तेथे बिघाड आहे.

३. अर्जिनिन : एक आम्ल, दोन वाटा

अर्जिनिनची कथा अधिक बोधप्रद आहे. एका विकरामुळे त्यापासून नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार होतो. योग्य प्रमाणात असताना तो श्वासनलिकेचे स्नायू सैल ठेवतो. अर्जिनेज हे दुसरे विकर त्याच अर्जिनिनचे ऑर्निथिन व युरिया करते. ऑर्निथिनपासून पुढे पेशींची वाढ करणारी द्रव्ये आणि कोलॅजेनला लागणारे प्रोलिन तयार होते. एकाच खात्यावर दोन धनादेश यावेत, तशी ही दोन विकरे एकाच शिलकेवर हक्क सांगतात.

ॲलर्जीच्या दम्यात अर्जिनेजचे प्रमाण वाढते. मग स्नायू सैल ठेवण्यासाठी अर्जिनिन कमी पडते आणि श्वासनलिकेची भिंत जाड होण्यासही हातभार लागतो.

गंमत अशी की अशा रुग्णाच्या उच्छ्वासात नायट्रिक ऑक्साइड बहुधा जास्तच आढळतो. तो सुजलेल्या आवरणातील वेगळ्या विकराने तयार केलेला असतो. त्याचा काही भाग दाहातील इतर घटकांशी संयोग पावून ऊतींना इजा करणारे द्रव्य बनतो. म्हणून हा वायू मोजून दाहाचा अंदाज घेतात. २०११ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांमध्ये तो अब्जात २५ भागांपेक्षा कमी असल्यास दाह कमी आणि ५० पेक्षा अधिक असल्यास दाह बराच, असे समजतात.

४. यातून बोध काय?

अर्जिनिन कमी पडते, तर ते वरून द्यावे, असे वाटणे साहजिक आहे. परंतु २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत तीव्र दम्याच्या रुग्णांना अर्जिनिन देऊनही झटके लक्षणीय घटले नाहीत. वाट चुकलेली असताना केवळ माल वाढवून उपयोग होत नाही.

श्वासातून घ्यावयाचे स्टिरॉइड मुळातील दाह कमी करते. ते नियमित घेतल्यावर उच्छ्वासातील नायट्रिक ऑक्साइडही बहुधा उतरतो. ‘पंपाची सवय लागते’ हा गैरसमज आहे. मात्रा अत्यल्प, मायक्रोग्रॅममध्ये असते. औषध घेतल्यावर चूळ भरावी. केवळ तात्पुरता आराम देणाऱ्या पंपावर विसंबू नये, असे ‘गिना’ या दम्यावरील जागतिक उपक्रमाने २०१९ पासून सांगितले आहे.

मुलांची डाळ-अंडी अंदाजाने बंद करू नयेत. एखादा पदार्थ खाल्ल्यावर दर वेळी पुरळ, सूज वा धाप येत असेल, तर डॉक्टरांकडून तपासून घ्यावे आणि तेवढाच पदार्थ टाळावा. विद्यार्थ्यांनी पंप लपवू नये. तो दप्तरात असावा व शिक्षकांना ठाऊक असावा. धापेमुळे वाक्य पुरे करता येत नसेल किंवा ओठ निळे पडत असतील, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

अन्न हे दम्याच्या रुग्णाचे शत्रू नव्हे. ताटातली डाळ आणि खिशातला पंप, दोन्ही राहू द्यावेत.