न वापरताच म्हातारी झालेली बॅटरी

तुमच्या घरात असा एक फोन बहुतेक असणारच. पाच-सहा वर्षांपूर्वीचा, पडद्याच्या कोपऱ्यात एक तडा गेलेला, आणि आत भारतातलं सिमकार्ड. त्याचं काम एकच: पुण्या-नागपुरातल्या बँकेचा ओटीपी आला की तो दाखवणं. अमेरिकेत २०२२ पासून आलेल्या नव्या आयफोनना सिमचा कप्पाच नसतो, त्यामुळे ते कार्ड नव्या फोनमध्ये घालता येत नाही. ई-सिम करून घ्यायचं काम 'पुढच्या भारतवारीत बघू' म्हणत आपण दर वेळी ढकलतो. मग तो फोन कायम चार्जरला लावलेल्या अवस्थेत कुठेतरी पडून राहतो.

आमचा राउटरच्या मागे पडून होता. जानेवारीत आईच्या सोसायटीचा मेंटेनन्स भरायचा म्हणून मी तो उचलला आणि टेबलावर ठेवला, तर तो बोटाच्या धक्क्याने गरकन फिरला. पाठ फुगली होती. पडदाही एका कडेने इतका वर आला होता की फटीत नख जावं. पंधरा दिवसांनी पुण्याला जायची तिकिटं काढलेली होती. तुमच्या मनात आला असता तोच विचार माझ्याही मनात आला: तिकडे घेऊन जाऊ, बुधवार पेठेत अर्ध्या तासात बॅटरी बदलून मिळेल आणि पैसेही कमी लागतील.

तसं करता येत नाही. का ते पुढे सांगतो. त्याआधी मला छळणारा प्रश्न वेगळा होता. जो फोन कुणी दिवसचे दिवस हातातही घेत नाही, त्याची बॅटरी खराब व्हावीच का?

लिथियम-आयन बॅटरीची रचना ऐकायला सोपी आहे. धन टोकाला लिथियम कोबाल्ट ऑक्साइड आणि ऋण टोकाला ग्रॅफाइट. दोन्ही पदार्थांची घडण वहीच्या पानांसारखी, थरांवर थर. चार्ज करताना लिथियमचे आयन धन टोकाच्या थरांतून निघतात आणि ग्रॅफाइटच्या पानांमध्ये जाऊन बसतात. फोन वापरताना ते परत येतात. मध्ये इलेक्ट्रोलाइट नावाचा सेंद्रिय द्रव आणि केसाहूनही पातळ असा प्लास्टिकचा सच्छिद्र पडदा. सोनीने १९९१ मध्ये अशी बॅटरी पहिल्यांदा बाजारात आणली, आणि तिच्या पायाभूत संशोधनासाठी व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. इतकं वय झाल्यावर नोबेल मिळालेले ते पहिलेच.

गोम अशी की चार्ज झालेल्या ग्रॅफाइटजवळ हा इलेक्ट्रोलाइट मुळात टिकूच शकत नाही. तो तिथे विघटित होतो आणि ग्रॅफाइटवर एक पापुद्रा धरतो. दुधावरच्या सायीसारखा समजा. साय दुधातूनच बनते, तसा हा पापुद्रा इलेक्ट्रोलाइट आणि लिथियम यांच्यातूनच बनतो. कारखान्यात पहिल्या चार्जिंगच्या वेळी तो मुद्दाम धरू दिला जातो, कारण तो पुढच्या विघटनाला आडकाठी करतो. पण ती आडकाठी पूर्ण नसते. पापुद्रा हळूहळू जाड होत राहतो, आणि त्यात अडकलेलं लिथियम परत कामाला येत नाही. बॅटरीची 'क्षमता कमी झाली' म्हणजे बव्हंशी हेच: ये-जा करणारे आयन कमी झाले.

आता वर्तमानपत्रांत आपण वाचतो ती चक्रांची भाषा घ्या. एक चक्र म्हणजे एकूण शंभर टक्के चार्ज खर्च होणं. आज साठ आणि उद्या चाळीस टक्के वापरलेत तर मिळून एक चक्र. ॲपल आयफोन १४ पर्यंतच्या फोनसाठी ५०० चक्रांनंतर ८० टक्के क्षमता उरेल असं सांगते, आणि आयफोन १५ पासून १००० चक्रं. हे झालं वापराचं घड्याळ. पण सायीसारखा तो पापुद्रा तुम्ही फोन वापरलात की नाही हे विचारत नाही. त्याचं घड्याळ वेगळं, कॅलेंडरचं. ते दोन गोष्टींनी भरभर पळतं: बॅटरी किती भरलेली आहे, आणि ती किती गरम आहे.

'बॅटरी युनिव्हर्सिटी' या संकेतस्थळावरचा एक तक्ता या बाबतीत प्रसिद्ध आहे. २५ अंश सेल्सिअसला बॅटरी ४० टक्के भरून वर्षभर नुसती ठेवली, तर ९६ टक्के क्षमता उरते. पूर्ण भरून ठेवली तर ८०. तापमान ४० अंश असेल तर हेच आकडे ८५ आणि ६५ होतात. म्हणजे पूर्ण भरलेली आणि उबदार जागी ठेवलेली बॅटरी एका वर्षात तिसरा हिस्सा गमावून बसते, फोनला कुणी हातही न लावता. दुबई-मस्कतला राहणाऱ्यांनी उन्हातल्या गाडीच्या डॅशबोर्डचा विचार करावा. मी राउटरच्या मागच्या त्या कोमट कोपऱ्याचा केला. चार वर्षं शंभर टक्क्यांवर!

क्षमता कमी होणं हा एक आजार. दुसरा आजार जास्त फसवा आहे, कारण तो टक्केवारीत दिसत नाही. फोन तीस टक्के दाखवत असताना अचानक बंद पडतो, तो यामुळे. गच्चीवरची टाकी निम्मी भरलेली आहे, पण पाइपांत वर्षानुवर्षांचे क्षार साचले आहेत, अशी कल्पना करा. करंगळीएवढी धार लागेपर्यंत काही कळत नाही. दोन नळ एकदम सोडले की मात्र तिसऱ्या नळाला पाणी येत नाही. बॅटरीत क्षारांचं काम अंतर्गत रोध करतो, आणि तो वाढवण्यात त्या पापुद्र्याचाही वाटा असतो.

हिशोब करून बघू. समजा, त्या क्षणी बॅटरीचा दाब ३.६ व्होल्ट आहे आणि ३ व्होल्टच्या खाली गेला की फोन स्वतःला बंद करतो. कॅमेऱ्याचा फ्लॅश आणि प्रोसेसर मिळून क्षणभर २.५ अँपिअर मागतात. नव्या बॅटरीचा रोध ०.१ ओहम धरला, तर दाब २.५ × ०.१ = ०.२५ व्होल्टने उतरतो. उरले ३.३५, काही बिघडत नाही. जुन्या बॅटरीचा रोध ०.३ ओहम झाला असेल, तर दाब ०.७५ व्होल्टने उतरून २.८५ वर येतो आणि पडदा काळा. चार्जरला लावल्यावर तोच फोन पुन्हा तीस टक्के दाखवतो आणि आपण म्हणतो, याचं डोकं फिरलंय. थंडीत रोध आणखी वाढतो, म्हणून शिकागोच्या बसथांब्यावर हे जास्त घडतं. (थंडीतलीच आणखी एक गोष्ट: शून्याखालच्या तापमानात राहिलेला फोन घरात आणल्या आणल्या चार्जरला लावू नका. गारठलेल्या ग्रॅफाइटमध्ये लिथियम शिरत नाही, वर धातूच्या रूपात साचतं. थोडा वेळ जाऊ द्या.)

याच रोधावरून २०१७ मध्ये मोठं वादळ उठलं होतं. अचानक बंद पडणं टाळण्यासाठी ॲपलने जुन्या बॅटरीच्या आयफोनचा वेग सॉफ्टवेअरने गुपचूप कमी केला होता. नवी बॅटरी बसवताच फोन पुन्हा वेगवान होतो हे काही वापरकर्त्यांनी मोजून दाखवलं, आणि डिसेंबरमध्ये कंपनीला माफी मागावी लागली. बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आला, आणि ग्राहकांना नीट न सांगितल्याबद्दल फ्रान्सने २०२० मध्ये अडीच कोटी युरो दंड केला. मला यातला दंडापेक्षा मोजमापाचा भाग मोलाचा वाटतो. फोन 'म्हातारा' झालाय असं समजून कितीतरी लोकांनी नवा घेतला असेल, आणि म्हातारी झाली होती फक्त बॅटरी.

आता फुगण्याबद्दल. इलेक्ट्रोलाइटचं विघटन होताना कार्बन डायऑक्साइड, इथिलीनसारखे वायूही तयार होतात. फोनमधली बॅटरी म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची हवाबंद पिशवी. वायूला जायला जागा नाही, म्हणून ती फुगते. फुगलेली प्रत्येक बॅटरी पेट घेते असं मुळीच नाही. पण आतले थर सरकलेले असतात, मधल्या पडद्यावर ताण असतो. तो फाटला आणि दोन्ही टोकं एकमेकांना भिडली, तर ३००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे साडेअकरा वॉट-तास, म्हणजे ४१,००० जूल ऊर्जा असते. एक लिटर पाणी दहा अंशांनी तापवण्याइतकी. तीच ऊर्जा काही सेकंदांत, तळहाताएवढ्या जागेत, ज्वालाग्राही द्रवाच्या सोबतीने बाहेर पडते. शिवाय तापलेलं कोबाल्ट ऑक्साइड स्वतःच ऑक्सिजन सोडतं, म्हणून ही आग गुदमरवून विझवणं कठीण जातं.

म्हणूनच फुगलेली बॅटरी विमानात न्यायची नाही, हातातल्या बॅगेतही नाही आणि सामानातही नाही. माझा बुधवार पेठेचा बेत इथे संपला. (चांगली, सुटी बॅटरी मात्र हातातल्या बॅगेतून आणता येते. तिची टोकं झाकलेली हवीत. चेक-इनच्या सामानात ती चालत नाही.)

तुमचा फोन फुगलेला दिसला तर आधी चार्जरवरून काढा. तो दाबून पाठ 'बसवायचा' मोह टाळा, टाचणीने वायू सोडायचा विचार तर स्वप्नातही नको. बंद करून फरशीवर किंवा धातूच्या भांड्यात, पडदे-कागदांपासून दूर ठेवा. सिमचा कप्पा जोर न लावता निघत असेल तरच सिम काढा. माझं निघालं. शेजाऱ्यांच्या जुन्या फोनमध्ये ते घालून त्या महिन्याचा मेंटेनन्स आणि आईकडे येणाऱ्या मावशींचा पगार गेला.

दुरुस्तीच्या पहिल्या दुकानाने फुगलेल्या बॅटरीला हात लावायला नकार दिला. दुसऱ्याने घेतली आणि मला शेजारी उभं राहून बघू दिलं. बॅटरी शाबूत असेल तर उघडण्याआधी चार्ज २५ टक्क्यांखाली आणतात, कारण भोक पडलंच तर कमी ऊर्जा बाहेर यावी. फुगलेल्या बॅटरीच्या बाबतीत जितकी उतरली असेल तितकी. कडा गरम करून डिंक मऊ केला, पातळ प्लास्टिकच्या पत्तीने पाठ सोडवली, आणि सगळ्यात आधी बॅटरीची जोडणी काढली. त्यानंतरचा वेळ सगळा डिंकाशी झटापटीत. काही फोनमध्ये बॅटरीखाली ओढून काढायच्या पट्ट्या असतात, काहींत नुसता घट्ट डिंक. तिथे त्याने कडेने आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडले आणि थांबला. धातूचं हत्यार एकदाही वापरलं नाही. शाबूत बॅटरी घरी बदलणारे हौशी लोक मी पाहिलेत, आणि संयम असेल तर ते जमण्यासारखं आहे. फुगलेली असेल तर साठ डॉलर मोजा आणि दुसऱ्याच्या हातून करून घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याने लावायला काढलेली पहिली बॅटरी मी परत ठेवायला लावली. कारण वरचंच: कॅलेंडरचं घड्याळ. पाच वर्षांपूर्वीच्या मॉडेलची 'कोरी' बॅटरी पाच वर्षं गोदामात पडून असेल, तर ती कोरी नाही, नुसती न वापरलेली आहे. तिच्यावर छापलेली उत्पादनाची तारीख मागा. मूळ बॅटरीपेक्षा बरीच जास्त क्षमता छापलेली असेल तर तिच्यापासूनही लांब राहा, तेवढ्याच जागेत जादा लिथियम कुठून येणार? आणि पाणी न शिरण्याची मूळची हमी फोन उघडल्यावर गेली असं धरून चाला.

युरोपीय संघात २० जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या फोनना नवा नियम आहे: ८०० चक्रांनंतर किमान ८० टक्के क्षमता, आणि मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं सुटे भाग मिळायला हवेत. पाठ नखाने उघडून बॅटरी बदलायचे दिवस आपण पाहिलेत. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस मालिकेत ते २०१४ च्या एस५ पर्यंत होते.

जुनी बॅटरी दुकानानेच ठेवून घेतली. तुमच्याकडे परत आली तर टोकांवर चिकटपट्टी लावून बॅटरी संकलन केंद्रात द्या. कचऱ्याच्या डब्यात ती गेली की कचऱ्याच्या गाडीत दाबली जाते.

फोन परत आल्यावर मी तो हॉलमधल्या गार कपाटात हलवला आणि दिवाळीच्या माळांसाठी आणलेला टायमर प्लग त्याला लावला. पंधरा मिनिटांचा एकच दात दाबलेला, दिवसातून एकदा. पडून असलेला फोन दिवसाला जेवढं खातो, साधारण तेवढंच त्याला मिळतं, आणि आकडा पन्नास-साठच्या आसपास राहतो. पहिले चार-पाच दिवस टक्केवारी बघून वेळ जुळवावी लागली. नव्या फोनमध्ये 'ऐंशी टक्क्यांवर थांब' अशी सोय असते, ती असेल तर हा खटाटोप नको.

पुण्यात गेल्यावर सिमचं ई-सिम करून घेतलं एकदाचं. फोन मोकळा झाला म्हणून आईला देऊन आलो, व्हिडिओ कॉलसाठी. परवा तिने तो कुठे ठेवला ते दाखवलं: फ्रिजच्या वर, चार्जरला लावून. इथला १२० व्होल्टचा टायमर तिथल्या २३० व्होल्टला चालणार नाही. तिथलाच एक घ्यायला सांगितलंय.