फेरफार केलेल्या इंजिनाची ताकद किती?

प्रश्न : घरी बांधलेल्या हलक्या गाडीत मारुती 800 चे इंजिन, कार्ब्युरेटर बदलून बसवले. हॉर्सपॉवर कशी काढावी?
– एक वाचक, जिंतूर (जि. परभणी)

उत्तर : कार्ब्युरेटर विकणाऱ्याच्या आकड्यावर जाऊ नये. कापसाचे ट्रक तोलणाऱ्या काट्यावर गाडी चालकासह तोलावी.

समजा, वजन 600 किलो भरले आणि बंदिस्त, सपाट मैदानावर एकाच गिअरमध्ये ताशी 36 वरून 72 किलोमीटर गाठायला 6 सेकंद लागले. मग वेग वाढवण्यात सरासरी 15 किलोवॉट, म्हणजे सुमारे 20 हॉर्सपॉवर खर्ची पडली. वारा, टायर, गिअरबॉक्स यांनी खाल्लेली ताकद मिळवली की इंजिनाची सरासरी 28 च्या आसपास येते. कमाल आकडा त्याहून थोडा वर.

विकणाऱ्याने फार मोठा आकडा सांगितला तर आठवावे : मूळ 796 सीसी इंजिनच 40 हॉर्सपॉवरच्या आत आहे!

नोंदणीशिवाय गाडी रस्त्यावर मात्र आणू नये.