संप्रेरक सापडते कोठे आणि घडते कोठे?

गणपतीच्या सुटीत शेतात कोवळी कणसे सोलताना मी आईला ऐटीत सांगितले, "या दाण्यात झाडाला वाढवणारे द्रव्य असते." आईने विचारले, "ते तिथंच तयार होतं, की दुसरीकडून येतं?" घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, पण मला उत्तर देता आले नाही. विज्ञान माझा विषय नसला तरी ग्रंथालयात शोध घेतला. प्रस्तुत लेख हे त्याचे फळ होय.

ते द्रव्य म्हणजे सायटोकायनिन. पेशीविभाजनास चालना देणारे हे संप्रेरक. १९५५ साली अमेरिकेत मिलर, स्कूग आदी शास्त्रज्ञांनी हेरिंग माशाच्या शुक्राणूंतील डीएनए तापवून त्यातून कायनेटिन मिळवले. पुढे १९६३ साली लेथम यांनी मक्याच्या कोवळ्या दाण्यांतून झिअ‍ॅटिन हे नैसर्गिक सायटोकायनिन वेगळे केले.

नंतर एक नवल घडले. १९६६ साली यीस्टच्या ट्रान्सफर आरएनएत याच कुळातील घटक आढळला. हा रेणू म्हणजे सुमारे ७६ दुव्यांची साखळी. तिचे तीन दुवे प्रथिनाचा संदेश वाचतात. त्यांना लागूनच, ३७ व्या जागी, पाच कार्बनची शेपटी लावलेले अ‍ॅडेनिन बसलेले असते. सर्वच ट्रान्सफर आरएनएत ते नसते. जेथे असते तेथे संदेशाचे वाचन अचूक ठेवण्यास मदत करते. जिवाणूंत व माणसातही ते आहे. अर्थात तेथे त्याचे काम संप्रेरकाचे नव्हे.

मग आरएनए मोडून वनस्पतीला संप्रेरक मिळते काय? २००६ साली जपानी शास्त्रज्ञांनी मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस या लहान रोपावर प्रयोग केले. आरएनएला शेपटी लावणारी विकरे नाहीशी केली, तेव्हा 'सिस' प्रकारचे झिअ‍ॅटिन संपले. एटीपी व एडीपी या सुट्या रेणूंना शेपटी लावणाऱ्या विकरांपैकी चार काढली, तेव्हा 'ट्रान्स' प्रकार फार घटला आणि रोप खुरटले. म्हणजे वाढीचे मुख्य संप्रेरक आरएनएबाहेर घडते. आरएनएतून येतो तो दुसरा प्रकार.

वस्तू सापडली तेथेच ती घडली, तेथेच तिचे कार्य, असे गृहीत धरणे किती फसवे असते! कला शाखेच्या आपणा विद्यार्थ्यांनाही हा धडा उपयोगी आहे. आईला आता सांगेन, "दाण्यातही होतं, मुळातही होतं, आणि मुळातलं पाण्याबरोबर वर चढतं." ती पुढचा प्रश्न विचारीलच. त्यासाठी पुन्हा ग्रंथालय आहे.