नदीचं टेबल करून घेण्याआधी

आमच्या हॉलमधली नदी उन्हाळ्यात काठ सोडते आणि पावसाळ्यात तिचे काठ वर उचलले जातात. नदी म्हणजे जेवणाच्या टेबलाच्या मधोमध ओतलेलं निळं इपॉक्सी रेझिन. दोन्ही बाजूंना शिरिषाच्या दोन इंची फळ्या, झाडाची मूळची वेडीवाकडी कड न कापता तशीच ठेवलेल्या. घरी येणारा प्रत्येक जण आधी टेबलावरून हात फिरवतो आणि मग विचारतो, "कुठून करून घेतलंत?" ते मी सांगत नाही. कसं करून घ्यावं, हे मात्र विचारणाऱ्याला समोर बसवून सांगते.

सगळं ओलाव्यावर येऊन थांबतं. घरातल्या फर्निचरसाठी लाकडात दहा-बारा टक्के ओलावा ठीक. नुकत्याच चिरलेल्या ओंडक्यात तो याच्या कितीतरी पट असतो. फळ्या उघड्यावर, मध्ये पट्ट्या घालून रचून वाळवायच्या, तर इंचाला वर्ष हा सुतारांचा जुना हिशोब. म्हणजे आमच्या फळ्यांना दोन वर्षं हवी होती. भट्टीत हेच काम काही आठवड्यांत होतं, पण भट्टीचे पैसे पडतात. आमच्या कारखानदाराने "पूर्ण वाळलेलं आहे, ताई" एवढं सांगितलं आणि फोनवर टेबलांचे फोटो दाखवायला घेतले. पुढे फटी पडल्यावर त्याचं उत्तर होतं, "लाकूड जिवंत असतं." हे वाक्य मी नंतर बऱ्याच ठिकाणी ऐकलं. ज्याला दुरुस्ती करून द्यायची नसते, त्याच्या तोंडी ते विशेष शोभतं.

ओलावा मोजायला दोन टोकदार पिनांचं छोटं यंत्र मिळतं, फार महाग नसतं. चांगल्या कारखान्यात ते असतंच. नसेल तर तिथूनच परत फिरा. फळीच्या टोकाला नाही, मधोमध आणि दोन्ही बाजूंनी मोजायला सांगा. टोकं आणि वरचा थर आधी सुकतात आणि आतला भाग ओला राहतो, त्यामुळे टोकाचा आकडा नेहमीच गोड येतो.

दुसरी गोष्ट टेबलाखाली दडलेली असते. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. तीन फूट रुंदीचा टॉप कोरड्या मे महिन्यापासून ओल्या ऑगस्टपर्यंत चार-पाच मिलिमीटर फुगू शकतो. आमचा टॉप लोखंडी फ्रेमला चारही बाजूंनी स्क्रूने गच्च आवळला होता. फ्रेम हलेना, रेझिन हलेना, मग बिचारी फळी वर उचलली जाणार नाही तर काय? शेवटी पेठेतले एक वयस्कर मिस्त्री आले. बॅटरी घेऊन टेबलाखाली उताणे झोपले आणि तिथूनच म्हणाले, "हिला सरकायला वाट कुठं ठेवलीय?" त्यांनी फ्रेमची गोल भोकं रुंदीच्या दिशेने कानशीने लांबट केली, खाली वॉशर घातले आणि स्क्रू फक्त टेकवले. तेव्हापासून बाक वाढलेला नाही. फट आहे तशी आहे.

न कापलेल्या कडेचं हे वेड रेझिनच्या कितीतरी आधीचं. जॉर्ज नाकाशिमा हा जपानी वंशाचा अमेरिकन कारागीर त्यासाठी जगभर ओळखला जातो. मुळात तो आर्किटेक्ट. १९३७ ते ३९ या काळात पाँडिचेरीत अरविंद आश्रमाच्या 'गोलकोंड' या वसतिगृहाचं काम तो बघत होता आणि तिथलं सागवानी फर्निचरही त्याने केलं. १९६४ मध्ये तो अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतही आला होता. फळीला चीर असली की तो ती बुजवत नसे. चिरेवर आडवी, फुलपाखराच्या आकाराची लाकडी पट्टी बसवून ती पुढे वाढू नये अशी सोय करत असे. चीर दिसायची आणि टेबल टिकायचं. रेझिनने चीर झाकली जाते खरी, पण आतलं लाकूड ओलं असेल तर ते शेजारी नवी चीर पाडून मोकळं होतं. माझं मत विचाराल तर चांगली वाळलेली फळी आणि फुलपाखरी पट्टी घ्या, नदीच्या फंदात पडू नका.

तरीही नदी हवीच असेल, तर उष्णतेचा विचार करा. ओतायची साधी इपॉक्सी पन्नास-साठ अंश सेल्सियसला मऊ पडायला लागते. सासूबाईंनी गॅसवरून उतरवलेला कुकर त्यावर ठेवला आणि खाली कायमचं वर्तुळ उमटलं. घरातल्या सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. मला ते पटलं नाही. जेवणाच्या टेबलावर कुकर ठेवायचा नाही, तर कुठे ठेवायचा? उन्हाचंही तसंच. पश्चिमेच्या खिडकीतून रोज ऊन येत असेल तर रेझिन हळूहळू पिवळं पडतं, आणि निळ्यावर पिवळट झाक आली की पाणी शेवाळल्यासारखं दिसतं.

वजनाबद्दल थोडक्यात. सहा फूट बाय तीन फूट, दोन इंच जाड टॉप ७० किलोच्या आसपास भरतो, पाय वेगळे. ऑर्डर देण्याआधी लिफ्टचं दार आणि जिन्याचं वळण टेपने मोजा. आमचं टेबल जिन्याने चढलं. हमालांनी मजल्यामागे पैसे लावले, ते योग्यच होतं.

वेगळेपणाची हौस टेबलाशी संपत नाही. आमच्या खालच्या मजल्यावर भिंतीवर झाडाच्या आकाराचं पुस्तकांचं शेल्फ होतं, फांद्यांवर पुस्तकं. एक फूट लांबीच्या पुस्तकांच्या रांगेचं वजन आठ-दहा किलो होतं, आणि नव्या इमारतींच्या आतल्या भिंती बहुतेकदा हलक्या एएसी ब्लॉकच्या असतात. त्यांत साधा प्लास्टिकचा गट्टू धरत नाही. त्या ब्लॉकसाठी वेगळे अँकर मिळतात किंवा रसायन भरून बोल्ट बसवावे लागतात. तिथे साधे गट्टू होते. एका रात्री फांदी पुस्तकांसकट खाली आली. खाली कुणी झोपलेलं नव्हतं, म्हणून आज ते शेजारी हसत सांगतात. भिंतीवर काहीही टांगण्याआधी ड्रिलमधून काय पडतं ते पाहा: लाल भुकटी म्हणजे वीट, पांढरी-राखाडी आणि मऊ म्हणजे ब्लॉक.

आमच्याच घरातली एक विचित्र वस्तू मात्र मला मनापासून आवडते, आणि तिचा फोटो कुणी काढत नाही. स्वयंपाकाच्या ओट्याखालून बाहेर ओढायची एक फळी. सकाळी तिच्यावर पोळ्या लाटल्या जातात, दुपारी मुलगी अभ्यास करते, रात्री ती आत जाते. आयएस ७१० चा शिक्का असलेला प्लाय, म्हणजे परीक्षेत ७२ तास उकळत्या पाण्यात टिकलेल्या प्रकारचा, आणि कुलूप पडणारे ४५ किलोचे चॅनल. हे डिझाइन कुठल्या चित्रातून आलं नाही; ओट्यासमोर जागा नव्हती म्हणून सुचलं. जुनी घडवंचीसुद्धा अशीच, पाण्याचे हंडे जमिनीपासून उचलून ठेवायला कुणाला तरी सुचलेली. आमच्याकडची आता पलंगाशेजारी पुस्तकं आणि पाण्याचा तांब्या सांभाळते.

मोठी वस्तू करून घेत असाल तर बिलावर तीन गोष्टी लिहून घ्या: लाकडाचं नाव, त्या दिवशी मोजलेला ओलावा, आणि एक उन्हाळा व एक पावसाळा जाईपर्यंत फट पडली किंवा बाक आला तर दुरुस्ती कोण करणार. दहा टक्के रक्कम गणपती होईपर्यंत हातात ठेवा. जो कारागीर एवढ्यावरून चिडेल, त्याच्याकडून टेबल घेऊ नका.