खिडकीतून काय द्यायचे, काय नाही : कारखान्यासाठी साधी वेब सेवा

ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार असो, साकीनाक्याचे गाळे असोत की घाटकोपर-मुलुंडची दुकाने असोत, ऑर्डरवर काम करणाऱ्या प्रत्येक कारागिराला एक प्रश्न दिवसभर ऐकावा लागतो. "मिस्त्री, आमचं कपाट झालं का?" मिस्त्री रंधा खाली ठेवतो, वही शोधतो, पान उलटतो आणि सांगतो, "पॉलिश बाकी आहे, शुक्रवारी या." असे दहा-पंधरा फोन आले की हातातले काम तुटते आणि दिवसाची मजुरी कमी होते.

हा प्रश्न ग्राहकाने दुकानाच्या वेबसाइटवर विचारावा व उत्तरही त्याला तेथेच मिळावे, अशी सोय करता येते. तिला वेब सेवा किंवा एपीआय म्हणतात. अंधेरीच्या सीप्झमधील मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांचेच ते काम आहे, असे समजण्याचे कारण नाही. घरात बारावी झालेला, संगणक शिकणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर दोन-चार रविवारांत साधी सेवा उभी राहू शकते. मात्र काही गोष्टी मालकानेच ठरवायच्या असतात. त्या कोणत्या, हे या लेखात पाहू.

वेब सेवा म्हणजे काय?

रेल्वेच्या चौकशी खिडकीवर आपण गाडीचे नाव सांगतो. आतला कर्मचारी नोंद पाहून वेळ सांगतो, पण नोंदवही आपल्या हातात देत नाही. वेब सेवा ही अशीच खिडकी होय. येथे विचारणारा माणूस नसून दुसरा संगणक असतो. म्हणून प्रश्न कसा विचारायचा आणि उत्तर कोणत्या आकारात द्यायचे, हे आधी पक्के ठरवून ठेवावे लागते.

व्यापाऱ्यांनी अशा सेवा नकळत वापरल्याही आहेत. जीएसटीचे ई-इनव्हॉइस घ्या. १ ऑगस्ट २०२३ पासून वार्षिक उलाढाल ५ कोटींहून अधिक असलेल्या व्यापाऱ्यांना इतर व्यापाऱ्यांना दिलेल्या बिलांसाठी ते लागू झाले. हिशेबाचे सॉफ्टवेअर बिलाचा तपशील ठरलेल्या नमुन्यात सरकारी नोंदणी पोर्टलकडे पाठवते. तेथून नोंदणी क्रमांक व क्यूआर कोड परत येतो. ही वेब सेवाच आहे. २०१६ मध्ये नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने सुरू केलेली यूपीआय व्यवस्थाही बँकांच्या संगणकांनी एकमेकांना ठरलेल्या नमुन्यात निरोप देण्यावरच चालते.

पहिली पायरी : वही

कपाटाच्या कारखान्याचे उदाहरण घेऊ. ऑर्डरच्या वहीत क्रमांक, ग्राहकाचे नाव, मोबाइल, वस्तू, ठरलेली किंमत, ॲडव्हान्स, प्लायवूडचा खर्च, कामाची स्थिती व देण्याची तारीख असे रकाने असतात. हीच वही संगणकात उतरवायची. लहान कारखान्याला एसक्यूलाइट पुरेसे आहे. त्यात सगळी वही एकाच फाइलमध्ये राहते व त्यासाठी पैसे पडत नाहीत. रोज रात्री या फाइलची प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी.

दुसरी पायरी : करार

आता मालकाने कागदावर दोन ओळी लिहाव्यात. प्रश्नात ऑर्डर क्रमांक व पावती कोड येईल. उत्तरात वस्तू, स्थिती व तारीख जाईल. उत्तर असे दिसेल :

{"वस्तू": "तीन दारी कपाट", "स्थिती": "पॉलिश सुरू", "तारीख": "शुक्रवार"}

या मांडणीला जेसन म्हणतात. डावीकडे रकान्याचे नाव, उजवीकडे त्यातील मजकूर. जवळजवळ प्रत्येक संगणकीय भाषेला ती वाचता येते.

पावती कोड कशासाठी? ऑर्डर क्रमांक ओळीने चालतात. २१४ नंतर २१५ येणार हे कोणालाही कळते. फक्त क्रमांकावर उत्तर दिले, तर शेजारचा स्पर्धक एकापाठोपाठ एक आकडे टाकून तुमच्याकडे किती व कोणती कामे आहेत, हे तासाभरात काढील. म्हणून प्रत्येक पावतीवर संगणकाने निवडलेला सहा आकडी कोड छापावा. एका ऑर्डरवर पाच वेळा कोड चुकला, तर काही वेळ उत्तर देणे बंद ठेवावे. क्रमांक चुकला काय किंवा कोड चुकला काय, उत्तर एकच द्यावे : "नोंद सापडली नाही." म्हणजे कोणते क्रमांक खरे आहेत, याचा अंदाजही लागत नाही.

तिसरी पायरी : सेवा लिहिणे

यासाठी पायथन ही भाषा व तिच्यातील फ्लास्क हे साधन सोयीचे आहे. दोन्ही मोफत आहेत. प्रोग्राम पंचवीस-तीस ओळींचा होतो व तो पाच कामे करतो.

१. आलेला प्रश्न वाचतो.
२. क्रमांक व कोड हे खरोखर आकडेच आहेत का, हे तपासतो.
३. वहीत नोंद शोधतो. ग्राहकाने टाकलेला मजकूर शोधाच्या आज्ञेत थेट जोडू नये. आज्ञेत जागा रिकामी ठेवून मजकूर वेगळा द्यावा. नाहीतर कोणी मजकुराऐवजी दुसरीच आज्ञा लिहून वही उघडील.
४. सापडलेल्या नोंदीतून ठरलेले तीनच रकाने उचलतो.
५. ते जेसनमध्ये परत देतो.

उत्तराबरोबर एक आकडाही जातो. २०० म्हणजे काम झाले, ४०० म्हणजे प्रश्नच चुकीचा, ४०४ म्हणजे नोंद नाही, ४२९ म्हणजे फार वेळा विचारले, ५०० म्हणजे आपल्याकडेच बिघाड. हे आकडे जगभर एकच आहेत.

आधी स्वतःच्या संगणकावर चालवून पाहावे. बरोबर क्रमांक, चुकीचा कोड, रिकामी जागा आणि आकड्यांऐवजी अक्षरे, असे चारही प्रकार टाकून बघावेत.

चौथी पायरी : वेबसाइटवरून हाक

वेबसाइटच्या पानावर दोन चौकटी व एक बटण ठेवावे. बटण दाबताच जावास्क्रिप्टमधील फेच ही आज्ञा सेवेला प्रश्न पाठवते, उत्तराची वाट पाहते व आलेले शब्द पानावर लिहिते. प्रश्न पोस्ट पद्धतीने पाठवावा. कोड पत्त्यात लिहिला, तर तो ब्राउझरच्या इतिहासात पडून राहतो.

वेबसाइट एका नावावर व सेवा दुसऱ्या नावावर असेल, तर ब्राउझर उत्तर अडवतो. तेव्हा सेवेने "या वेबसाइटला परवानगी आहे" असे कळवावे लागते. सोपा मार्ग म्हणजे दोन्ही एकाच नावावर ठेवणे. ही अडवणूक कुलूप नव्हे, हेही ध्यानात घ्यावे. ती फक्त ब्राउझरपुरती आहे. ब्राउझरशिवाय थेट प्रश्न पाठवणाऱ्याला ती रोखत नाही. खरे कुलूप पावती कोडाचेच.

सेवा कधी बंद पडेल, इंटरनेट जाईल. पाच-सात सेकंदांत उत्तर आले नाही, तर पानावर "कृपया दुकानात फोन करा" असे दिसावे. नुसते फिरणारे चक्र पाहून ग्राहक वैतागतो.

सर्वात महत्त्वाचे

पुष्कळ ठिकाणी प्रोग्राम लिहिणारा घाईत नोंदीचे सर्व रकाने पाठवून देतो आणि वेबसाइटच्या पानावर तीनच दाखवतो. पाहणाऱ्याला सारे ठीक वाटते. परंतु ब्राउझरमध्ये आलेला संपूर्ण मजकूर थोडे संगणक ज्ञान असलेला कोणीही उघडून वाचू शकतो. तुमच्या प्लायवूडचा खरा खर्च, दुसऱ्या डीलरला दिलेला दर, ग्राहकाचा मोबाइल, सारे त्याच्यासमोर येते. म्हणून गाळणी खिडकीच्या आत हवी, बाहेर नव्हे. जे द्यायचे नाही ते सेवेतून निघताच कामा नये. पासवर्ड व पेमेंट कंपनीने दिलेली गुप्त किल्लीही याच कारणाने वेबसाइटच्या पानात कधी लिहू नये.

ग्राहकाने पत्ता व फोन दिला तो कपाट पोहोचवण्यासाठी. ती त्याची अमानत आहे. २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही केला आहे. पण कायद्याच्या आधी पेढीची पत येते. वर्षानुवर्षे जपलेली पत एका उघड्या खिडकीमुळे जाऊ शकते.

बाजारात सेवा आणताना

सेवा इंटरनेटवर ठेवताना एचटीटीपीएस असलाच पाहिजे. त्याचे प्रमाणपत्र लेट्स एनक्रिप्ट ही संस्था मोफत देते. फ्लास्कचा चाचणीचा प्रकार बंद करावा, कारण बिघाड झाल्यास तो प्रोग्रामच्या आतल्या गोष्टी पानावर दाखवतो. वेबसाइटचे नाव, होस्टिंगचे खाते व त्यांचे पासवर्ड मालकाच्या नावावर असावेत. काम करून देणारा मुलगा उद्या दुसरीकडे नोकरीला गेला, तर दुकानाची किल्ली त्याच्या खिशात राहू नये.

शेवटी एक गोष्ट. वहीत स्थिती रोज बदलली नाही, तर ही सगळी खटपट व्यर्थ आहे. कपाट घरी पोहोचले तरी पानावर "पॉलिश सुरू" दिसत असेल, तर ग्राहक पुन्हा फोनच करील. तेव्हा संध्याकाळी कारखाना बंद करताना दहा मिनिटे नोंदीसाठी राखून ठेवावीत. सुरुवातीला हा एकच प्रश्न खिडकीवर ठेवा. तो महिनाभर नीट चालला की मगच दराची चौकशी, नवी ऑर्डर व पैसे भरणे यांकडे वळा.